शुगर बोर्डावर आम्लाचीही एक ओळ हवी

प्रति,
मा. शिक्षण आयुक्त, महाराष्ट्र राज्य, पुणे
आणि राज्यातील सर्व शाळांचे मुख्याध्यापक, शाळा व्यवस्थापन समित्या व क्रीडाशिक्षक

सविनय नमस्कार.

मी सांगली जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना चालवते. शाळकरी मुलांच्या दातांची एक वेगळ्याच प्रकारची झीज गेल्या काही वर्षांत माझ्या पाहण्यात वारंवार येते आहे. ती दवाखान्यात बसून थांबवता येणार नाही. शाळेत मात्र बरीचशी थांबवता येईल, म्हणून हे पत्र आपल्याला लिहीत आहे.

मे २०२५ मध्ये सीबीएसईने आपल्या शाळांना 'शुगर बोर्ड' लावायला सांगितले. कोणत्या खाऊत आणि पेयात किती साखर आहे, दिवसाला किती चालते, हे मुलांना येता-जाता दिसावे असा त्यामागचा विचार. मला तो निर्णय मनापासून आवडला. कोलाच्या २५० मिलिलिटरच्या बाटलीत सुमारे २६ ग्रॅम साखर असते, हे कुणी तोंडी सांगितले तर मूल विसरते. रोज भिंतीवर दिसले तर लक्षात राहते. असा फलक राज्य मंडळाच्या आणि जिल्हा परिषदेच्याही प्रत्येक शाळेत असावा. पण दातांपुरते बोलायचे तर तो अर्धीच गोष्ट सांगतो. उरलेली अर्धी माहीत नसल्यामुळे काय होते ते मी रोज पाहते. आई-वडील समाधानाने सांगतात, "साखरेचं कोल्ड्रिंक आम्ही बंद केलंय डॉक्टर, आता झिरोच आणतो." बाटलीवर साखर शून्य, म्हणून घरात कुणी अडवत नाही. मूल तोंड उघडते तेव्हा कीड फारशी नसते. दात मात्र झिजलेले असतात.

कीड आणि झीज हे दोन वेगळे आजार आहेत. कीड लागते ती जंतूंमुळे. दातावर चिकटलेल्या थरातले जंतू साखर खातात, आम्ल तयार करतात आणि ते आम्ल दात पोखरते. तिथे साखर काढून घेतली की जंतूंची उपासमार होते. झिजेत जंतूंचा संबंधच नसतो. आम्ल थेट बाटलीतून येते. कोलामध्ये फॉस्फोरिक आम्ल असते. बाटलीवर ते ३३८ या आकड्याने छापलेले दिसेल. लिंबाच्या, संत्र्याच्या स्वादाच्या पेयांत आणि एनर्जी ड्रिंकमध्ये सायट्रिक आम्ल असते, त्याचा आकडा ३३०. साखरेच्या बाटलीत ही आम्ले असतात आणि झिरोच्या बाटलीतही असतात. बहुतेक लोक दोष गॅसला देतात. तोही बरोबर नाही. साध्या सोड्यातले कार्बोनिक आम्ल दुबळे असते. खरा मारा चवीसाठी मुद्दाम घातलेल्या आम्लाचा.

आता थोडे आकडे. दातावरचे एनॅमल हा आपल्या शरीरातला सर्वांत कठीण पदार्थ. वजनाने त्याचा सुमारे ९६ टक्के भाग खनिजाचा, म्हणजे कॅल्शियम आणि फॉस्फेटचा असतो. दाढेच्या उंचवट्यावर त्याची जाडी जास्तीत जास्त अडीच मिलिमीटरच्या आसपास भरते. हे कवच घडवणाऱ्या पेशी दात हिरडीतून वर येईपर्यंतच जिवंत असतात. त्यानंतर गेलेले एनॅमल पुन्हा उगवत नाही. तोंडातला सामू, म्हणजे आम्लता मोजायचा पीएच हा आकडा, साधारण ५.५ च्या खाली गेला की एनॅमलमधली खनिजे सुटू लागतात. कोलाचा सामू २.५ च्या आसपास असतो, बहुतेक एनर्जी ड्रिंकचा ३ च्या आगेमागे, पाकीटबंद फळपेयांचा साधारण ३ ते ४. माती तपासणाऱ्या शेतकऱ्याला हे सांगावे लागणार नाही, पण शहरातल्या वाचकांसाठी सांगते: सामूचा एक आकडा खाली म्हणजे आम्लता दहापट. ५.५ आणि २.५ यांत हजारपटीचे अंतर आहे.

स्वयंपाकघरातल्या कडाप्प्याच्या ओट्यावर लिंबाचा रस सांडून तसाच राहिला की फिकट डाग पडतो. तो कितीही घासला तरी जात नाही, कारण तो वर बसलेला डाग नसतो. दगडाचा पृष्ठभागच खाल्ला गेलेला असतो. दातावर जे घडते ते याच जातीचे आहे, फक्त फार हळू, आणि मध्ये लाळ आहे म्हणून आपण वाचतो.

लाळेबद्दल थोडे सविस्तर लिहिते, कारण शाळेला उपयोगी पडणारी सगळी माहिती तिच्याशीच जोडलेली आहे. लाळ आम्ल धुऊन नेते, तिच्यातले बायकार्बोनेट आम्लाचा जोर मोडते आणि तिच्यातले कॅल्शियम-फॉस्फेट मऊ पडलेल्या एनॅमलला पुन्हा बळ देते. पण या कामाला वेळ लागतो. घोटभर आम्ल पोटात गेल्यावर काही मिनिटांत तोंड सावरू लागते. मऊ झालेला थर टणक व्हायला मात्र बराच अवधी जातो. म्हणून दात किती झिजतील हे केवळ किती प्यायले यावर ठरत नाही, किती वेळा आणि किती वेळ प्यायले यावर ठरते. जेवणासोबत एका बैठकीत संपवलेल्या पेल्याने जेवढे नुकसान होते, त्याहून कितीतरी जास्त नुकसान तीच बाटली बाकावर ठेवून शिकवणीचे दोन तास घोट-घोट पिण्याने होते. दर घोटाला लाळेचे काम पहिल्यापासून सुरू होते. काही मुले पेय तोंडात खेळवतात, गॅसची झिणझिण आवडते म्हणून दातांमधून फिरवतात. त्यांचे पुढचे दात सगळ्यांत आधी जातात.

लाळ कमी असण्याच्या दोन वेळा आहेत. एक रात्रीची झोप. अभ्यासाला जागताना बाटली उशाशी ठेवून, शेवटचा घोट घेऊन मूल झोपले तर आम्ल धुऊन न्यायला तोंडात फारसे काही नसते. दुसरी वेळ खेळाची. घाम गाळून मूल मैदानावरून येते तेव्हा अंगातले पाणी कमी झालेले असते, तोंड सुकलेले असते, आणि नेमके तेव्हाच आपण त्याच्या हातात 'स्पोर्ट्स' किंवा 'एनर्जी' लिहिलेली बाटली देतो.

क्रीडाशिक्षकांना माझी कळकळीची विनंती इथे आहे. कबड्डी, कुस्ती, खो-खो हा आमच्या भागाचा जीव आहे. पहाटे रस्त्याने पोलीस भरतीसाठी पळणारी मुले-मुली पाहिली की अभिमान वाटतो. त्यांच्यातले अनेकजण पळून आल्यावर टपरीवर वीस रुपयांची एनर्जी ड्रिंक घेतात, कारण ताकद येते असे त्यांना कुणीतरी सांगितलेले असते. त्या बाटलीवर कॅफीनचे प्रमाण जास्त असल्याचे आणि ती लहान मुलांसाठी योग्य नसल्याचे छापलेले असते. कायद्यानेच ते छापावे लागते. पण अक्षर इतके बारीक, की दुकानदारही वाचत नाही. तालुक्याच्या स्पर्धेत पाणी, ताक आणि केळी एवढे पुरते. ताकाबद्दल पालक हमखास विचारतात, "ते पण आंबटच ना?" आंबट आहे खरे, त्याचा सामूही ५.५ च्या खालीच असतो. पण ताकात दुधातले कॅल्शियम आणि फॉस्फेट भरपूर असते. आजूबाजूच्या द्रवातच ही खनिजे पुरेशी असली की दातातली सुटून बाहेर येत नाहीत. म्हणून ताक-दह्याने एनॅमल झिजत नाही.

हेच तत्त्व पेय बनवणाऱ्यांनाही माहीत आहे. १९९९ साली डेन्मार्कमधल्या संशोधकांनी शीतपेये आणि संत्र्याचे रस तपासले. ज्या रसात कॅल्शियम आणि फॉस्फेट घातले होते, त्याचा सामू ४ असूनही त्याने एनॅमल झिजवले नाही. म्हणजे कमी घातक पेय बनवता येते. चव आणि खर्च सांभाळून ते करायचे की नाही हा निर्णय कंपन्यांचा आहे, आणि कुणी विचारल्याशिवाय त्या तो घेणार नाहीत.

आपण म्हणाल, नियम तर आहेत. आहेत, आणि त्यांचे मोल मी कमी लेखत नाही. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, २०२० मध्ये शाळकरी मुलांच्या आहाराचे विनियम केले. साखर, मीठ किंवा स्निग्धांश जास्त असलेले पदार्थ शाळेच्या कँटीनमध्ये आणि शाळेपासून ५० मीटरच्या आत मुलांना विकू नयेत, असे ते सांगतात. २०२४ च्या पावसाळी अधिवेशनात त्या वेळचे अन्न व औषध प्रशासन मंत्री धर्मरावबाबा आत्राम यांनी शाळांपासून ५०० मीटरच्या आत जास्त कॅफीनच्या पेयांवर बंदी आणण्याची घोषणा केली. सप्टेंबर २०२५ पासून गॅसच्या गोड पेयांवर ४० टक्के जीएसटी आहे. यातला प्रत्येक उपाय कशावर तरी नेम धरतो: साखरेवर, कॅफीनवर, गॅसवर. आम्लावर एकाचाही नेम नाही. साखर शून्य असलेली बाटली साखरेच्या नियमातून सुटते, कॅफीन नसलेले लिंबाच्या स्वादाचे पेय कॅफीनच्या नियमातून सुटते, आणि गॅस नसलेल्या फळपेयांवरचा कर तर त्याच सप्टेंबरमध्ये १२ वरून ५ टक्क्यांवर आला. दाताला या वर्गवारीशी काही देणेघेणे नाही.

ब्रिटनने एप्रिल २०१८ पासून शीतपेयांतल्या साखरेच्या प्रमाणानुसार कर लावला. कंपन्यांनी साखर झपाट्याने कमी केली. मुलांच्या वजनासाठी आणि किडीसाठी ती चांगलीच गोष्ट झाली. पण साखरेच्या जागी गोडी आणणारी दुसरी द्रव्ये आली आणि आम्ल होते तिथेच राहिले. आपल्याकडेही तोच रस्ता दिसतो आहे, म्हणून मी आत्ताच बोलते आहे.

हे दात दिसतात कसे, हे शिक्षकांनी एकदा समजून घ्यावे, कारण मुलाकडे रोज पाहणारे आपण आहात. पुढच्या दातांची चमक आधी जाते. ते काचेसारखे गुळगुळीत पण निस्तेज दिसतात. कडा पातळ होऊन आरपार दिसल्यासारख्या निळसर-करड्या होतात, मग त्यांचे टवके उडतात. दात पिवळे पडल्याची तक्रार घेऊन मूल येते. खरे तर वरचे पांढरे कवच विरळ झाल्याने आतले पिवळसर डेंटिन दिसू लागलेले असते. सहाव्या वर्षी येणाऱ्या पहिल्या दाढेच्या उंचवट्यांवर बारीक खळगे पडतात. जुने भरलेले सिमेंट किंवा चांदी भोवतालच्या दातापेक्षा उंच दिसू लागते, कारण भराव तसाच राहिला आणि दात खाली गेला. मग गार पाण्याने कळ येते, आईस्क्रीम नको वाटते, चिंच-आवळा न खाताही दात आंबल्यासारखे राहतात. दुधाच्या दातांचे कवच मुळातच पातळ असते, आणि नुकताच उगवलेला पक्का दात पूर्ण टणक व्हायला काही काळ जावा लागतो. म्हणजे सहावी-सातवीतले मूल, ज्याच्या हातात पहिल्यांदा स्वतःचे पैसे येतात, तेच सर्वांत जास्त धोक्यात असते. त्या वयात झिजलेला दात पुढची पन्नास-साठ वर्षे वापरायचा असतो. आम्ही त्यावर लेप देऊ शकतो, थर चढवू शकतो, शेवटी टोपी बसवू शकतो. यातले प्रत्येक काम काही वर्षांनी पुन्हा करावे लागते, आणि शेतमजुराच्या घराला तो खर्च झेपत नाही.

अशा मुलांच्या घरी पिवळेपणा घालवण्यासाठी काय चालते, तेही सांगितले पाहिजे. कोळशाची पावडर, मीठ, मशेरी, कडक ब्रश. आम्लाने मऊ पडलेला थर अशा घासण्याने खरवडून निघतो. मशेरीत तर तंबाखू असते, तिच्याबद्दल वेगळे पत्र लिहावे लागेल. आंबट पेय प्यायल्यावर साध्या पाण्याने खळखळून चूळ भरावी, लगेच ब्रश घेऊन घासू नये, आणि सकाळी व झोपण्यापूर्वी फ्लोराइड असलेली पेस्ट मऊ ब्रशने वापरावी. एवढे परिपाठात सांगता येईल.

घरचे लिंबू सरबत आणि कोकम सरबतही आंबटच, असे कुणी म्हणेल तर मी नाकारणार नाही. उन्हातून आल्यावर पेलाभर पिऊन टाकलेल्या सरबताने सहसा दात जात नाहीत. तेच सरबत बाटलीत भरून दिवसभर चोखले तर जातील. वजन कमी करण्यासाठी रोज सकाळी लिंबूपाणी तोंडात घोळवणारी मोठी माणसेही माझ्याकडे येतात, त्यांच्या दातांवर याच खुणा असतात. मला बाजारच्या पेयांशी वैर धरायचे नाही. लग्नात, वाढदिवसाला मुलाने एखादा पेला घेतला तर घेऊ द्यावा. माझे भांडण दप्तरातल्या बाटलीशी आहे.

आता आपल्याकडे नेमके मागणे. शुगर बोर्डावर प्रत्येक पेयासमोर साखरेशेजारी सामूचा एक रकाना असावा. खाली तीन वाक्ये असावीत: 'सामू ५.५ पेक्षा कमी असलेली पेये दातांचे कवच झिजवू शकतात. दही, ताक याला अपवाद. साखर नसलेल्या शीतपेयांतही आम्ल असते.' हे आकडे मुलांनीच काढावेत. नववीच्या विज्ञानात आम्ल-आम्लारी येतात, सामू मोजायची कागदी पट्टी स्वस्त मिळते. कोला, झिरो, एनर्जी ड्रिंक, लिंबू सरबत, ताक, दूध आणि शाळेच्या टाकीतले पाणी अशा सात वाट्या मांडून एका तासिकेत प्रयोग होतो. कोला गडद असल्याने पट्टीवरचा रंग नीट दिसत नाही, म्हणून पट्टी थोडी झटकून लगेच तक्त्याशी ताडावी. एक मात्र टाळावे. अंड्याचे कवच किंवा पडलेला दात कोलात बुडवून 'बघा, विरघळला' असे दाखवण्याचा प्रयोग अनेक ठिकाणी करतात. तोंडात लाळ असते, पेय तासन्‌तास एका जागी राहत नाही, आणि अंड्याचे कवच म्हणजे एनॅमल नव्हे. मुलांना भीती घालून एकदा फसवले की पुढचे खरेही ती ऐकत नाहीत.

शालेय क्रीडा स्पर्धांच्या परिपत्रकात एक ओळ यावी, की मैदानावर पिण्याचे पाणी पुरेसे असेल आणि एनर्जी किंवा स्पोर्ट्स ड्रिंकच्या कंपन्यांचे प्रायोजकत्व, फलक व मोफत वाटप स्वीकारले जाणार नाही. पाण्याचा मुद्दा मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. ज्या शाळेतल्या नळाला पाणी नाही, किंवा टाकी धुतलेली नाही, तिथल्या मुलाला बाटली घेऊ नको असे कोणत्या तोंडाने सांगायचे?

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथके शाळेत येऊन मुलांची तपासणी करतात. त्यांच्या नोंदीत किडलेला दात येतो, झिजलेला येत नाही. झीज मोजायची सोपी पद्धत २००८ पासून जगात वापरात आहे: तोंडाचे सहा भाग करायचे आणि प्रत्येक भागातल्या सर्वांत वाईट दाताला ० ते ३ गुण द्यायचे. आरोग्य विभागाशी बोलून एवढी भर घालता आली, तर काही वर्षांत राज्याकडे स्वतःचे आकडे असतील. आज कुणी विचारले की सांगली किंवा नंदुरबारमध्ये किती मुलांचे दात झिजलेत, तर उत्तर द्यायला माझ्याकडे माझ्या दवाखान्याबाहेरचे काही नाही.

बाटलीवर काय छापायचे हे आपल्या अधिकारात नाही, याची मला कल्पना आहे. तो विषय एफएसएसएआयचा. पण राज्याचा शिक्षण विभाग लेखी मागणी करतो तेव्हा तिला वजन असते. ऑक्टोबर २०२५ मध्ये याच प्राधिकरणाने, जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रात न बसणाऱ्या गोड पेयांच्या नावात 'ओआरएस' वापरायला मनाई केली. त्यामागे बालरोगतज्ज्ञांचा कित्येक वर्षांचा पाठपुरावा होता. लेबल बदलू शकते हे त्यावरून दिसले. पाकिटाच्या दर्शनी बाजूवर इशारा कसा असावा यावर देशात चर्चा सुरू आहे. ती साखर, मीठ आणि चरबी एवढ्याभोवतीच फिरते. पेयांसाठी त्यात सामूही यावा, आणि कॅल्शियम घालून झीज कमी करण्याचा विचार कंपन्यांनी करावा, एवढे आपल्या पत्रात असावे.

मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासकीय दंत महाविद्यालये आहेत, शिवाय अनेक जिल्ह्यांत खासगी आहेत. तिथले इंटर्न डॉक्टर खेड्यांत शिबिरे घेतातच. प्रत्येक महाविद्यालयाला आसपासच्या शाळा वाटून दिल्या, तर फलकाचा मजकूर तपासणे, सामूचा प्रयोग आणि दातांची नोंद ही तिन्ही कामे एका भेटीत होतील. माझ्या तालुक्यातल्या शाळांसाठी ही कामे मी विनामोबदला करायला तयार आहे, आणि आजूबाजूच्या तालुक्यांतल्या माझ्या काही सहकाऱ्यांनीही होकार दिला आहे. परिपत्रक उन्हाळ्याच्या सुट्टीपूर्वी निघाले, तर जूनमध्ये शाळा उघडतानाच फलक लागलेले असतील.

आपली विश्वासू,
एक दंतवैद्य, सांगली जिल्हा